ओट्यावरच्या गप्पा आणि घराचा उतारा

“बायका जमल्या की दुसरं काय बोलणार? कपाट, पडदे, सोफा, नाहीतर सुनांच्या कागाळ्या!”

पवन मावळातल्या एका गावात महिला सभेची वाट बघत आम्ही ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तेव्हा एका स्थानिक पुढाऱ्यानं जाता जाता हे वाक्य टाकलं. बायका हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसू टोचत राहिलं, कारण माझ्याही कामाच्या वहीत याच अर्थाचं वाक्य होतं, फक्त सभ्य भाषेत. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला अहवाल लिहायला शिकवतात : बैठकीचा विषय, उपस्थिती, चर्चेचे मुद्दे, निर्णय. बायका तास-दीड तास जे बोलायच्या त्यातलं माझ्या विषयाचं तेवढं मी मुद्द्यांत घालायचे. उरलेल्या सगळ्याला एकच शब्द लिहायचे : ‘अवांतर’.

त्या ‘अवांतर’ गप्पांनी मला काय शिकवलं, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी या गप्पा कशा चालतात ते पाहू. वेळ दुपारची, साधारण तीनची. सकाळी लोणावळ्याच्या बंगल्यांवर झाडू-फरशीला गेलेल्या बायका परत आलेल्या असतात, शेतावरच्या अजून यायच्या असतात. ओट्यावर पाच-सहा जणी बसतात. रिकाम्या हातानं कुणीच नसतं. एक तांदूळ निवडते, एक गोधडीला टाके घालते, एकीच्या मांडीवर नातू असतो. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणारी बाई त्या बिनमोल कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. बाईला गप्पांसाठी वेगळा वेळ मिळतच नाही. कामाच्या जोडीनं जे बोलून होईल तेवढंच तिचं बोलणं.

विषय निघतो तो घरातल्या वस्तूंवरून. “प्लायवूडचं कपाट घेऊ नको गं बाय, आपल्या पावसात फुगतं.” लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये गाद्यांना बुरशी येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल धरते. मग ओल कुठून येते यावर बोलणं. गटार नीट काढलेलं नाही, रस्त्याचं पाणी घरात शिरतं. गटाराचं काम कुणी घेतलं होतं? अमक्याच्या मेव्हण्यानं. त्याला काम कसं मिळालं? निवडणुकीत तो कुणाकडून फिरत होता? एवढ्यात कुणीतरी म्हणतं, “उन्हाळ्यात नळाला पाणी नाही आन् पावसाळ्यात घरात पाणी.” मग धरणाचा विषय. पवना धरण डोळ्यांसमोर, पाणी पिंपरी-चिंचवडला. धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळलेला. त्यावर एखादी म्हातारी दोन वाक्यं बोलते आणि सगळ्या क्षणभर गप्प होतात. मग पुन्हा कपाट. “मग लोखंडी घेऊ म्हणतीस?”

कपाटापासून धरणापर्यंत आणि परत कपाटापर्यंत! कुणी विषय बदलला असं एकीलाही वाटत नाही. कारण त्यांच्या जगण्यात हे विषय वेगळे नाहीतच.

पारावर पुरुष बसतात, तेही हेच बोलतात. ट्रॅक्टर कुठला घ्यावा, जमिनीला काय भाव आला, तिकीट कुणाला मिळणार. पण ते ‘राजकारण’. बायका बोलल्या की ‘चकाट्या’. फरक बोलण्यात नाही, बोलणाऱ्यात आहे. आपल्या समाजानं घर आणि गाव यांच्यामध्ये एक उंबरा घालून ठेवला आहे. उंबऱ्याच्या आतलं ते क्षुल्लक आणि बायकांचं, बाहेरचं ते महत्त्वाचं आणि पुरुषांचं. स्त्रीमुक्ती चळवळ इतकी वर्षं या उंबऱ्याशीच भांडते आहे. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, डाळ, रॉकेल मिळत नाही हे आधी चाळीच्या नळावर आणि रेशनच्या रांगेतच बोललं गेलं असणार. राजकारण स्वयंपाकघरातून निघालं, म्हणून तर हातात लाटणं होतं.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण ओट्यावरच्या गप्पांची खरी ताकद मला कळली ती एका बाईच्या प्रकरणात.

आळीच्या कोपऱ्यावरच्या घरातली ही बाई. नाव सांगत नाही, सगळ्या तिला ‘कोपऱ्यावरची वहिनी’ म्हणत. लग्नाला सोळा-सतरा वर्षं झालेली, दोन मुली. लोणावळ्यात तीन बंगल्यांची कामं करायची. घर सासूच्या नावावर होतं, सासू गेल्यावर नवऱ्याच्या नावावर झालं. एका पावसाळी रात्री नवऱ्यानं मारहाण करून तिला मुलींसकट बाहेर काढलं. ती माहेरी गेली. पंधरा दिवसांनी तो तिच्या वस्तूंसह घराला कुलूप लावून मोकळा झाला. वर म्हणाला, “तिनं आणलं काय होतं? अंगावरच्या लुगड्यानिशी आली होती.”

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. तो २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे आम्ही अर्ज केला. या कायद्याच्या कलम १९ नुसार न्यायदंडाधिकारी बाईचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या वस्तू परत करायचा आदेश देऊ शकतात. पण त्यासाठी वस्तूंची यादी हवी. कोणती वस्तू, कधी घेतली, कुणाच्या पैशानं? पावत्या? पावत्या कुठून असणार! होत्या त्या कपाटात, कपाट कुलुपात. आणि ती बाई इतकी खचली होती की आठवायला बसलं की रडू यायचं. तिच्या यादीत चार भांडी, शिलाई मशीन आणि गॅस एवढंच आलं.

मी निराश होऊन आळीत आले. ओट्यावर सांगितलं की पुरावा नाही, यादीही होत नाही. तेव्हा गोधडी शिवणारी एक मावशी मान वर न करता म्हणाली, “तिच्या घरातलं काय काय तिचं, ते आमाला इचारा ना ताई.”

आणि त्या बोलायला लागल्या. मी वही काढली.

“लोखंडी कपाट तिनं गटाचं कर्ज काढून आणलं. बऊरला गोळीबार झाला ना, त्याच्या आदल्या दिवाळीत.” बऊरचा गोळीबार ९ ऑगस्ट २०११ चा. पवनेचं पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर आंदोलन केलं. पोलिसांच्या गोळीबारात कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे यांचा जीव गेला. मावळात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. म्हणजे कपाट २०१० च्या दिवाळीचं.

“फरशी बसवली ती नोटा बंद झाल्या तवा. फरशीवाला जुन्या नोटा घेईना. तिनं पाटल्या मोडलेल्या आधीच, पैसे घरात तसेच पडलेले. मग चार जणींनी मिळून बदलून आणले.” म्हणजे नोव्हेंबर २०१६.

“पत्रे बदलले निसर्ग वादळानंतर. तिच्या घरावरचे निम्मे उडाले होते. पत्र्याचे पैसे बी तिनंच गटातनं काढले, त्यो तर घरी बसूनच होता.” जून २०२०.

“सोफा बंगल्यावरचा. मालकिणीनं नवा घेतला, तवा दिवाळीच्या बक्षिसाऐवजी जुना हिला दिला. टेम्पोचं भाडं हिनंच भरलं. मी होते ना टेम्पोत!”

“फ्रीज तिच्या भावानं दिला, धाकटीच्या बारशाला.”

तासाभरात वहीची तीन पानं भरली. कपाट, फ्रीज, मिक्सर, पडदे, ताटाळं, पितळी हंडा. प्रत्येक वस्तूपुढे साल, पैसे कुठून आले, पाहिलं कुणी. एखादी चुकली की दुसरी दुरुस्त करायची. मी थक्क होऊन लिहीत होते. ज्याला मी इतकी वर्षं ‘अवांतर’ म्हणत आले ते एक चालतंबोलतं दप्तर होतं. घरातल्या वस्तूंच्या नोंदी राजकारणाच्या तारखांनी ठेवलेल्या, आणि गावाचा इतिहास कपाट-फरशीच्या खुणांनी लक्षात राहिलेला!

चौघीजणी जबाब द्यायला तयार झाल्या. बचत गटाच्या नोंदवहीत कर्जाच्या तारखा जुळल्या. बऱ्याच तारखांनंतर वस्तू परत करायचा आदेश झाला. टेम्पो आला, कपाट आलं, फ्रीज आला, सोफा आला. आळीतल्या बायका उतरवून घ्यायला उभ्या होत्या.

इथं लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तो खरा होणार नाही.

पहिली गोष्ट आम्हा सगळ्यांना लाज वाटावी अशी आहे. ज्या ओट्याला कपाट कोणत्या दिवाळीत आलं हे ठाऊक होतं, त्या ओट्याला ती मार खाते हेही ठाऊक होतं. किती वर्षांपासून, हेही. भिंतीला भिंत लागून आहे. पण त्यावर बोलणं व्हायचं ते असं : “नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा?” किंवा त्याहून वाईट, “ती बी तोंडाची फटकळच हाय.” गप्पा आधार देतात तशा पहाराही देतात. कोण उशिरा आली, कुणाच्या पदराचं काय, कुणाची पोर फोनवर किती बोलते, हे सगळं याच ओट्यावर मोजलं जातं.

आणि वस्तूही मोजल्या जातात, त्या नेहमी बाईच्या बाजूनं नव्हे. नवी सून आली की आधी प्रश्न, “काय काय आलं?” डबल बेड आला, सोफा आला, गाडी आली का? मावळात औद्योगिक वसाहत आली, द्रुतगती मार्ग आला, जमिनींना भाव आले, तसतशी लग्नं मोठी होत गेली. हुंडा म्हणायचं नाही, ‘संसार दिला’ म्हणायचं. मे २०२५ मध्ये शेजारच्या मुळशी तालुक्यातल्या भुकूममध्ये एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. लग्नात दिलेलं सोनं, चांदी, महागडी गाडी आणि नंतरच्या मागण्या यांची चर्चा महाराष्ट्रभर झाली. सासरे तेव्हा एका सत्ताधारी पक्षाचे स्थानिक पदाधिकारी होते. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण आमच्या ओट्यावर त्या दिवसांत जी शांतता होती ती मी विसरणार नाही. कारण प्रत्येकीनं कधी ना कधी “काय काय आलं?” हा प्रश्न विचारलेला होता. मीही, लहानपणी, रुखवताभोवती फिरताना.

दुसरी गोष्ट फरशीची. कपाट टेम्पोत घालून आणता आलं. पण पाटल्या मोडून घातलेली फरशी उपटून आणता येत नाही. गटाचं कर्ज काढून घातलेले पत्रे उतरवून आणता येत नाहीत. तिच्या सोळा वर्षांच्या मजुरीतला मोठा वाटा त्या घराच्या जमिनीत आणि छपरात राहिला. कायद्यानं तिला राहण्याचा हक्क आहे. ‘सामायिक घर’ सासरच्या कुणाच्याही नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं. पण मारणाऱ्या माणसाच्या शेजारी राहायला जायची तिची हिंमत नव्हती. हक्क राहण्याचा होता, घराचा नव्हता. उताऱ्यावर तिचं नाव नव्हतं.

टेम्पो गेल्यावर ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तांदूळ निवडणारी एक जण म्हणाली, “मपल्या घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव हाय, मला तर म्हाईतच नाही.”

त्या दिवशी सहा जणींपैकी एकीलाच ते माहीत होतं. पडद्याचा रंग, फरशीचा भाव, सोफ्याच्या कापडाचं नाव सगळ्यांना तोंडपाठ. घर कुणाचं, ते माहीत नाही. मला वाटतं, आपल्या गप्पांमधली सर्वांत मोठी मोकळी जागा हीच आहे. घर सजवण्याविषयी आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलो. घराच्या मालकीविषयी बोलायचं आपल्याला कुणी शिकवलं नाही.

वास्तविक कागद आपल्या बाजूनं थोडेफार सरकले आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असा शासन निर्णय महाराष्ट्रात २००३ मध्ये निघाला. पंतप्रधान आवास योजनेतून गावात मिळणारं घर, काही अपवाद वगळता, बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं असा नियम आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद. तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पण त्यावर नाव असलं की निदान “ही कोण?” असं विचारता येत नाही. शिवाय २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन घरांची मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. त्यांवर कुणाचं नाव लागतं, याकडे लक्ष द्यायलाच हवं. एकदा एकट्याचं नाव लागलं की पुढच्या पिढीपर्यंत तेच चालणार.

हे बोलायला जागाही आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं महाराष्ट्रात कायद्यानं बंधनकारक आहे. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. पण महिला सभा भरते कशी? अनेक गावांत शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी येतो, बायका भाकरीचं पीठ हाताला असताना सही करतात, सभा झाली! आणि त्याच वेळी खरी सभा ओट्यावर रोज दुपारी तीनला भरत असते, फक्त तिचं रजिस्टर नसतं. तिथं गटार, नळ, कंत्राट, दारू, सगळ्यांवर मत होतं. ठराव मात्र होत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला पुरुषांचा : “बाईचं नाव लावलं की घरं फुटतील.” तीन भावांची नावं उताऱ्यावर असतात, घरं फुटतात तीही त्यांच्याच वाटण्यांनी. तेव्हा कुणी म्हणत नाही की भावांची नावं काढा. ज्या घरात बाईचा पैसा आणि कष्ट आहेत तिथं तिचं नाव लागल्यानं घर फुटत असेल, तर ते आधीच तडकलेलं आहे.

दुसरा आक्षेप आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचा : “बायकांना आधी राजकीय जाणीव हवी, त्या पडद्यांवरच अडकतात.” मी हेच मानत होते. आता वाटतं, जाणीव त्यांच्याकडे आहे. निवडणुकीच्या दिवसांत कोणत्या घरात साड्या वाटल्या, कुणी कुणाला शब्द दिला, २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाल्यावर ते कुणाच्या घरात बाईच्या हातात राहिले आणि कुणाच्या घरात दारूत गेले, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. अडकलो होतो आपण, त्यांच्या बोलण्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलून.

म्हणून त्या आळीत आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक घरात एक वही. घरात येणारी वस्तू, साल, पैसे कुणाचे, एवढंच लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. पावती असेल तर तिचा फोटो माहेरी किंवा मैत्रिणीच्या फोनवर. स्त्रीधनावर फक्त बाईचाच हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. पण हक्क सिद्ध करायला वही लागते. दुसरी गोष्ट, प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा काढायचा आणि ओट्यावर आणून मोठ्यानं वाचायचा. तिसरी, ओट्यावर ज्या विषयावर तीनदा बोलणं झालं तो महिला सभेत मांडायचा, आणि सही करण्याआधी इतिवृत्तात तो लिहिला आहे का ते वाचून घ्यायचं.

फार मोठं यश सांगण्यासारखं नाही. दोघांच्या नावाचे अर्ज थोडेच गेले. काही नवऱ्यांनी सही केली, काहींनी कागद फाडला. एका घरात आठ दिवस अबोला होता. पण परवा एक नवी सून आळीत आली. ओट्यावर तिला बसवलं, चहा दिला. मी कान देऊन ऐकत होते, आता “काय काय आणलंस?” हा प्रश्न येणार म्हणून. गोधडीवाल्या मावशीनं विचारलं, “जे आणलंस ते लिहून ठेवलंस का गं?”

सून गोंधळली. मावशीनं सुई दोऱ्यातच ठेवली आणि घरात जाऊन एक कोरी वही आणून दिली.

माझ्या अहवालात आता ‘अवांतर’ हा रकाना नाही.